फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय, पुण्यातून सुरुवात कुठून करू?

आयसीयू_नाइट, खराडी

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, एमयूएचएसची (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची) डिग्री, त्यानंतर सहा वर्षं नगर रोडकडच्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत. नवरा हिंजवडीत आयटीत आहे, कंपनी त्याला एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, टेक्सासमधल्या डॅलसला पाठवतेय. दिवाळीनंतर निघायचं असं चाललंय. मला तिकडे जाऊन घरी बसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आयुष्यभर नाइटही करायच्या नाहीत. न्यू जर्सीची मामेबहीण म्हणते एफएनपी कर, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, स्वतः पेशंट तपासून औषध लिहिणारी नर्स. सगळ्या तेच करतात.

गेल्या आठवड्यात फर्ग्युसन रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आले. त्यांचं म्हणणं, पूर्ण ऑनलाइन एफएनपी आहे, इथूनच सुरू करा, क्लिनिकल पुण्यातल्या हॉस्पिटलात करून घेऊ, सीट पक्की करायला पन्नास हजार भरा. भिंतीवर रँकिंगचा तक्ता होता, त्यातल्या तीन नावांना गोल करून कागद हातात दिला. सासूबाईंचं वेगळंच. त्या म्हणतात इथेच एम.एस्सी. कर, कॉलेजात ट्यूटर हो, संध्याकाळी पाचला घरी.

तर, कॉलेज निवडताना नक्की काय बघायचं? एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) की डीएनपी (डॉक्टरेट)? इथून काही सुरू करता येतं का? आणि एफएनपी झाल्यावर आयसीयूत काम करता येतं ना? सहा वर्षांचा अनुभव वाया जायला नको.

बाणेर_ओपीडी

पन्नास हजार भरू नकोस. बाकीचं जाणकार सांगतीलच.

सहकारनगरची_एनपी

बाणेरच्या ताईंनी मुद्द्याचं आधीच सांगितलं. आता सविस्तर.

माझं ट्रेनिंग ससूनचं, पहिली नोकरी कर्वे रोडला, लग्नानंतर ह्यूस्टन. तिथे आधी मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवर आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, मग नोकरी करता करता एफएनपी, आणि आता एका फॅमिली क्लिनिकमध्ये आठ ते पाच. आईच्या मोतीबिंदूसाठी सध्या पुण्यात आहे, म्हणून लिहायला फुरसत आहे.

पुण्यात बसून एफएनपी होत नाही. प्रवेशाच्या अर्जातच अमेरिकेतलं आरएन लायसन्स मागतात, आणि क्लिनिकल ज्या राज्यात करणार तिथे ते चालणारं लागतं. म्हणजे पहिली पायरी त्या लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स-आरएन. ती परीक्षा मात्र भारतात देता येते, मुंबईत सेंटर आहे. कॉम्प्युटर तुझ्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर दिलीस तर वर आणखी १५०. कन्सल्टन्सीच्या पन्नास हजारांत ही फी सुटून पुस्तकांनाही पैसे उरतील.

एल-१ ऐकून बरं वाटलं. तुझा व्हिसा एल-२ असणार, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या नवरा-बायकोला कामासाठी वेगळं परमिट काढावं लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, एल-२एस लिहिलंय ना, एवढं बघून घे. एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बी वर गेलेल्यांच्या बायका असलेल्या, मैत्रिणींचे सल्ले तुला लागू नाहीत. त्यांना नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही, त्यामुळे त्या आधी शिक्षण आणि मग नोकरी असा विचार करतात. तू उलटं कर. आणि व्हिसास्क्रीन या परदेशी नर्सेसच्या सर्टिफिकेटच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. स्वतःच्या नर्सिंगच्या नोकरीवर व्हिसा काढणाऱ्यांना ते लागतं, नवऱ्याबरोबर जाणाऱ्या बायकोला नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा. तुला बेड हवाय की ओपीडी? एफएनपी म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे, पण प्राथमिक उपचार. बीपी, शुगर, थायरॉइड, कान दुखतोय, पाळी चुकलीय, लसीकरण राहिलंय. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, प्रेसर हे तिच्या शिक्षणात येतच नाही. २००८ साली तिकडच्या नर्सिंग संघटनांनी एकत्र बसून ठरवलं की लायसन्स, शिक्षण आणि सर्टिफिकेशन (कोर्सनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेचं प्रमाणपत्र) या सगळ्यांचा मेळ बसला पाहिजे. त्यामुळे आयसीयूत एनपी म्हणून राहायचं असेल तर कोर्स वेगळा, अडल्ट-जेरोंटॉलॉजी अक्यूट केअर. एफएनपी घेतलेल्या काही जणी हॉस्पिटलात दिसतात, पण हॉस्पिटलं आता अक्यूट केअरचं सर्टिफिकेट मागू लागली आहेत आणि मग पुन्हा पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करायला बसावं लागतं. मामेबहिणीचं "सगळ्या तेच करतात" बाजूला ठेव. नाइटचा कंटाळा आलाय की आयसीयूचा, हे आधी स्वतःशी ठरव. दोन्ही एक नाही.

ओपीडी म्हणालीस तर पुढचं वाच.

भिंतीवरच्या तक्त्याचा उपयोग नाही. क्लिनिकमध्ये नोकरी देताना मला कोणी रँकिंग विचारलं नाही, लायसन्स आणि सर्टिफिकेशन विचारलं. कॉलेजला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का ते बघ, आणि तेही कॉलेजच्या माहितीपत्रकात नाही, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर. मान्यता नसेल तर सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही. मग टेक्सासच्या विद्यार्थ्यांना ते कॉलेज प्रवेश देतं का हे विचार. ऑनलाइन म्हणजे सगळ्या राज्यांत चालतं असं नव्हे. आयटीवाल्यांची बदली कधी होईल ते देवालाच ठाऊक, तेव्हा मध्येच राज्य बदललं तर काय, हेही लेखी विचारून ठेव.

आणि मग सगळ्यात मोठा प्रश्न: माझा प्रिसेप्टर कोण शोधणार?

प्रिसेप्टर म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली तू पेशंट तपासणार ती एनपी किंवा डॉक्टर. पूर्वी असे कमीत कमी ५०० तास लागायचे, २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. आठवड्याला दोन दिवस, आठ-आठ तास धरलेस तरी ४७ आठवडे. हे तास फुकट शिकवायला तयार असलेलं कोणीतरी मिळालं पाहिजे, शिवाय एकच माणूस पुरत नाही. लहान मुलं वेगळी, बायकांचे आजार वेगळे, म्हातारी माणसं वेगळी. कॉलेजवाले फोनवर गोड आवाजात म्हणतात, "आम्ही मदत करतो." त्याचा अर्थ ते एक जुनी यादी मेल करतात, त्यातले निम्मे फोन लागत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकच्या काउंटरवर आपला बायोडेटा ठेवून यायच्या, अगदी औषध कंपनीच्या एमआरसारख्या. बालरोगवाले तर मिळतच नाहीत. एकीच्या प्रिसेप्टरने सेमिस्टरच्या मध्यावर नोकरी सोडली, दुसरी मिळेपर्यंत सेमिस्टर गेलं, फी मात्र गेली ती गेलीच. या टंचाईवर धंदा उभा राहिलाय, हजारो डॉलर घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या वेबसाइट आहेत.

काही कॉलेजं मात्र जागा स्वतः लावून देतात. तिथे प्रवेश कठीण, बॅच छोटी, नाव बहुधा भिंतीवरच्या तक्त्यात नसतं. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतून शोधायला सुरुवात कर. पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण विचार, आणि किती जणी मध्येच सोडून जातात तेही विचार. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला जे कॉलेज का-कू करेल, त्यातून काय समजायचं ते समज.

पैशाचं थोडक्यात. तुला सरकारी शैक्षणिक कर्ज मिळणार नाही, ते नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. पण टेक्सासमध्ये एल व्हिसावर बारा महिने घर करून राहिलं की सरकारी विद्यापीठात स्थानिकांची फी लागू होऊ शकते. आणि हॉस्पिटलात आरएन म्हणून लागलीस की बरीच हॉस्पिटलं फीचा वाटा उचलतात, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर करही लागत नाही. म्हणून म्हटलं, आधी नोकरी. बाँड किती वर्षांचा लिहून घेतात तेवढं वाच, आपल्याकडच्यासारखाच असतो.

एमएसएन की डीएनपी: एमएसएन. २००४ मध्ये तिकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत सगळं डॉक्टरेट करू. ते झालं नाही. आजही एफएनपीचं सर्टिफिकेशन एमएसएनवर मिळतं. भूल देणाऱ्या नर्सेसना मात्र डॉक्टरेट सक्तीची झालीय, त्यांचं ऐकून घाबरू नकोस. पुढे शिकवायचं असेल, सासूबाईंचं ऐकायचं असेल, तर डीएनपी नंतर करता येते.

आयसीयू_नाइट, खराडी

ताई, एवढं सगळं कन्सल्टन्सीत दोन तास बसून कळलं नव्हतं. रात्री ड्युटीवर विचार केला. कंटाळा आयसीयूचाच आलाय. पेशंट बरा झाला की वॉर्डला जातो, पुढे त्याचं काय झालं कळतच नाही. पुन्हा दिसतो तो तसाच, शुगर पाचशे. कोणीतरी बाहेर त्याला धरून ठेवायला हवं होतं असं वाटतं. म्हणजे ओपीडीच.

पण शिकताना काय अवघड गेलं? मी इंग्रजी बोलते, पण फटाफट नाही.

सहकारनगरची_एनपी

इंग्रजीचं होऊन जातं. अभ्यासही होतो. पहिल्या वर्षी तीन पी म्हणतात ते असतात, पॅथोफिजिओलॉजी, फार्माकोलॉजी आणि फिजिकल असेसमेंट, तिन्ही वरच्या पातळीचे. आयसीयूवालीला पहिले दोन सोपे जातात. मला जड गेलं ते दुसरंच.

बालरोगाच्या रोटेशनचा पहिला आठवडा. तीन वर्षांची मुलगी, १४ किलो, दोन दिवस ताप, कान धरून रडतेय. आईच्या मांडीवर घट्ट धरायला सांगितलं, ओटोस्कोप घातला, पडदा लाल आणि बाहेर फुगलेला. बाहेर येऊन प्रिसेप्टरला सगळं नीट सांगितलं. ताप किती, वजन किती, पडदा कसा, दुसरा कान कसा. आणि पेन उघडून थांबले. तीही थांबली. मी तिच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "मग?"

पुण्यात काय करायचो आपण? "सर, बीपी नव्वद बाय साठ आहे, युरिन आउटपुट कमी आहे," एवढं म्हणायचं आणि ऑर्डर घ्यायला उभं राहायचं. काय द्यायला हवं ते मनात माहीत असतं, कित्येकदा नव्या हाउसमनच्या आधी आपल्याला माहीत असतं, पण तोंडाने म्हणायचं नसतं. फार तर "सर, नॉरअॅड सुरू करायचं का?" असं प्रश्नाच्या आडून. ती सवय हाडात मुरलेली असते. तिथे उत्तर द्यावं लागतं. पेनिसिलीनची अॅलर्जी आहे का, गेल्या महिन्याभरात अॅमॉक्सिसिलीन घेतलंय का, घेतलं असेल तर क्लॅव्ह्युलनेटबरोबरचं. नसेल तर किलोला दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलीत ४०० वालं सस्पेन्शन साडेसात मिली दोन वेळा, या वयाला आजार फार जोराचा नसेल तर सात दिवस, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि ४८ ते ७२ तासांत उतार नाही पडला तर परत आणा. हे मला सगळं येत होतं. म्हणायला लाज वाटत होती.

त्याची प्रॅक्टिस तू आत्तापासून कर. रोज राउंडच्या आधी प्रत्येक पेशंटचा प्लॅन वहीत लिही, मग सर काय म्हणतात ते बघ. कोणाला दाखवायची गरज नाही.

बाकी कंटाळवाणं खूप आहे. प्रत्येक पेशंट टायफॉन नावाच्या नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, वय, निदान, कोड, किती मिनिटं. आपल्या केस बुकाचीच सख्खी बहीण. त्याच दिवशी भर, रविवारवर टाकलंस तर रविवार गेला. शेवटची, सर्टिफिकेशनची परीक्षा दोन संस्थांपैकी एकीची, एएएनपीसीबी किंवा एएनसीसी. पहिली निव्वळ क्लिनिकल, १५० प्रश्न, ३ तास. दुसरीत संशोधन, धोरण, व्यावसायिक जबाबदाऱ्या हेही येतं. मी पहिली दिली. नोकरी देणारे सहसा दोन्ही चालवून घेतात. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, नंतर नूतनीकरण.

आणि टेक्सासबद्दल आधीच सांगून ठेवते, नंतर मला बोल लावू नकोस. तिथे एनपीला स्वतःच्या जिवावर औषध लिहिता येत नाही, डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. कडक वेदनाशामकं, शेड्यूल टू म्हणतात ती, क्लिनिकमधून लिहिताच येत नाहीत. शेजारच्या न्यू मेक्सिकोत असली कसलीच अट नाही. सीमेच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. आरएनचं लायसन्स कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे राज्याराज्यांतल्या करारामुळे, बऱ्याच राज्यांत चालतं, एनपीचं नाही. राज्य बदललं की नवा अर्ज, नवी फी.

ट्यूटरबाई_पिंपरी

वाचते आहे. माहिती उत्तम आहे, पण असं चित्र नको की नर्स प्रॅक्टिशनर फक्त तिकडेच. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी पद्धतीचा पदव्युत्तर कोर्स आहे. बी.एस्सी. आणि अनुभव लागतो, शक्यतो क्रिटिकल केअरचा, म्हणजे ही मुलगी त्यात बसते. बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ची. कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यामुळे पुढे बदल होतील.

आता कटू भाग. क्रिटिकल केअरचा हा कोर्स केलेल्या माझ्या विद्यार्थिनी बहुतेक ठिकाणी स्टाफ नर्स नाहीतर इन्चार्ज म्हणूनच आहेत. डिग्री आहे, पद नाही, आणि सही डॉक्टरांचीच. फॅमिली प्रॅक्टिसच्या धर्तीचं तर जवळपास काही नाही. त्यामुळे जाणारच असशील तर निघायच्या तोंडावर इथे एम.एस्सी.ला प्रवेश घेऊ नकोस, अर्धवट सुटेल. मात्र परत येऊन शिकवायचा विचार असेल तर परदेशी डिग्रीची समकक्षता इथे घ्यावी लागते हे सासूबाईंना सांगून ठेव. ट्यूटरचं काम पाचला संपतं हा त्यांचा गैरसमज मात्र काढून टाक. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात आम्ही रात्री नऊला फायली लावत बसतो.

मुळशी_ब्रदर

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, उपकेंद्रावर. बी.एस्सी. नर्सिंग, मग सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स. २०१८ ला आयुष्मान भारतमध्ये हे पद निघालं, आता बोर्ड बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालाय. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी, तोंडाचा कॅन्सर बघणं, आशाताईंनी भरून आणलेले फॉर्म. औषध पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरनं चालू करायचं, पुढं महिन्याच्या महिन्याला मी द्यायचं. अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन ओपीडीवर डॉक्टर लावून देतो, रेंज असली तर. पावसाळ्यात नसते.

ताईंनी लिहिलेलं वाचून वाटलं, हे तर मी करतोच. गाव मला डॉक्टरच म्हणतं. मग फरक फक्त सहीचा का?

सहकारनगरची_एनपी

ब्रदर, सहीचा आहे, आणि सहीच्या मागे जे ७५० तास आहेत त्यांचाही. पण मूळ एकच. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सबाईंनी हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर पहिला कोर्स सुरू केला तो खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते म्हणूनच. तुमच्यासारख्या उपकेंद्राचीच गोष्ट. तिथे पुढे कायदा बदलत गेला, राज्य-राज्य करत, आणि टेक्सासमध्ये अजून पुरता बदललेला नाही. तुमचं काम कमी आहे असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा.

खराडीवाली, मुळशीला एखादा दिवस जाऊन बघच. तुला जे करायचंय त्याच्या सगळ्यात जवळचं पुण्यात तेच आहे. घाट चढेपर्यंत उलटी नाही झाली म्हणजे मिळवलं.

मुळशी_ब्रदर

या की. मंगळवारी लसीकरण असतं, तो वार सोडून या. चहा आपल्याकडे.

आयसीयू_नाइट, खराडी

नक्की येते. ताई, शेवटचं: दिवाळीच्या आधी इथून कोणते कागद हलवू?

सहकारनगरची_एनपी

हे अमेरिकेत बसून करायला गेलीस तर रडशील, म्हणून इथेच कर. टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाला तुझ्या शिक्षणाचा इव्हॅल्युएशन रिपोर्ट लागेल. तो बरेच जण सीजीएफएनएस या संस्थेकडून घेतात, जिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय. त्यासाठी दोन ठिकाणांहून कागद थेट त्यांच्याकडे जावे लागतात, तुझ्या हातून गेलेले चालत नाहीत. एक कॉलेज आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, ज्यात विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास हवेत. दुसरं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून रजिस्ट्रेशनचं व्हेरिफिकेशन. कॉलेजच्या ऑफिसात ज्या क्लार्ककडे हे काम असतं त्याला फोनवर गाठू नकोस, स्वतः जा. फॉर्ममध्ये प्रसूतिशास्त्र, बालरोग, मानसोपचार हे रकाने वेगळे आहेत. एकातही "लागू नाही" लिहिलं तर रिपोर्ट अडकतो. लिफाफ्याच्या जोडावर सही-शिक्का हवा. आणि मार्कांची लाज बाळगू नकोस, आपला फर्स्ट क्लास इव्हॅल्युएशनमध्ये चांगला जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, ठरतो. बरीच कॉलेजं ३.० मागतात.

खरी गंमत नावाची. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं. तिकडे शेवटचं नाव म्हणजे आडनाव. माझ्या एका मैत्रिणीच्या रिपोर्टवर तिच्या वडिलांचं नाव आडनाव म्हणून आलं, कौन्सिलच्या कागदावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. एकाच बाईच्या तीन बायका झाल्या. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र आणि नोंदणी जुळली नाही तर आत सोडत नाहीत, फीही जाते. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत काढून घे, आणि प्रत्येक अर्जात "पूर्वीचं नाव" हा रकाना असतो तो कधीच रिकामा सोडू नकोस.

आयसीयू_नाइट, खराडी

माझ्या मार्कलिस्टवर आईचं नावही आहे. ते कुठे टाकायचं?

सहकारनगरची_एनपी

कुठेच नाही. अर्जात पासपोर्टवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने, एक अक्षरही इकडचं तिकडे नको. आणि कौन्सिलला व्हेरिफिकेशनचा अर्ज करण्याआधी तुझ्या रजिस्ट्रेशनची मुदत कधी संपतेय ते बघ.

आयसीयू_नाइट, खराडी

मार्चमध्ये. म्हणजे आधी रिन्यूअल. उद्या नाइट ऑफ आहे, फाइल काढून बसते.